संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे : इशाऱ्याचा अर्थ आणि उपाय

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शिक्षक आणि तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या वर्गासाठी मला देण्यात आलेला विषय प्रथमदर्शनी रूक्ष आणि केवळ तंत्रज्ञांच्या कामाचा वाटेल. संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडावयास जावे आणि त्याऐवजी लाल त्रिकोण असलेले पान समोर यावे, ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असे त्यावर लिहिलेले असावे, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांनी घेतलेला असेल. त्या पानाचा अर्थ काय, ते का येते आणि ते आल्यावर काय करावे, एवढाच आजचा विषय आहे. परंतु दाखल्यापासून पगारबिलापर्यंत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जापासून ग्रामपंचायतीच्या देयकांपर्यंत सर्व व्यवहार आज संगणकाच्या पडद्यावरून होत असल्याने, या छोट्या विषयाशी सार्वजनिक पैसा आणि लोकांचा विश्वास या दोन मोठ्या गोष्टी निगडित झाल्या आहेत.

मी एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेलो असता तेथील संगणकाच्या पडद्याच्या कडेला एक कागदाची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘लाल त्रिकोण आल्यास प्रथम ॲडव्हान्स्ड दाबणे. नंतर सर्वांत खालची ओळ दाबणे.’ चौकशी केली तेव्हा कळले की, वरिष्ठ कार्यालयाच्या अंतर्गत उपयोगाच्या एका संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मुदत संपून काही आठवडे झाले होते. त्याचे नूतनीकरण होईपर्यंत काम अडू नये, म्हणून दूरध्वनीवरून ही युक्ती सांगण्यात आली होती. पुढे ते प्रमाणपत्र बदलले गेले. चिठ्ठी मात्र तशीच राहिली. संगणकावर काम करणाऱ्या ताईंना मी विचारले, ‘ताई, हा त्रिकोण दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर आला तर आपण काय करता?’ त्या म्हणाल्या, ‘साहेब, तेच करते. पान उघडलं नाही तर माणसं ताटकळतात. लांबच्या वाडीवरनं चालत आलेल्या म्हातारीला मी काय सांगू?’

त्यांच्या उत्तरात खोटे असे काहीच नव्हते आणि त्यांच्याकडे दोषही नव्हता. दोष होता तो इशारा न वाचता ओलांडण्याची सवय लावणाऱ्या सूचनेत. आजच्या भाषणाचे सार सांगावयाचे तर ते असे : हे पान म्हणजे वाटेतली धोंड नव्हे, तो एक प्रश्न आहे, आणि प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असते, त्याच्यावरून उडी मारावयाची नसते.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

समजा, गावात एक अपरिचित गृहस्थ येतो आणि ‘मी शासनाचा अधिकारी आहे, दप्तर दाखवा’ असे सांगतो. जाणता सरपंच प्रथम त्याचे ओळखपत्र मागतो आणि त्यावर तीन गोष्टी पाहतो. ओळखपत्राची मुदत चालू आहे काय? त्यावरील नाव याच गृहस्थाचे आहे काय? आणि ते देणारे कार्यालय तसे ओळखपत्र देण्यास अधिकृत आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच दप्तर उघडले जाते.

आपला ब्राउझर, मग तो क्रोम असो, फायरफॉक्स असो, एज असो वा सफारी असो, हेच काम आपल्या वतीने दर वेळी आणि क्षणार्धात करीत असतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र ब्राउझरपुढे ठेवते. त्यात संकेतस्थळाचे नाव, मुदतीचा आरंभ व अखेर, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सही आणि संकेतस्थळाची सार्वजनिक किल्ली असते. देणाऱ्या संस्थेची सही खरी कशावरून? ज्याप्रमाणे बँकेत खातेदाराच्या सहीचा नमुना ठेवलेला असतो, त्याप्रमाणे ब्राउझरकडे किंवा संगणकाच्या मूळ प्रणालीकडे जगातील मान्यताप्राप्त संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी असते. या संस्था सहसा थेट सही करीत नाहीत. त्या मधल्या प्रमाणपत्राला अधिकार देतात आणि ते मधले प्रमाणपत्र संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर सही करते. जिल्हाधिकाऱ्यांनी तहसीलदारांना अधिकार द्यावेत आणि तहसीलदारांनी दाखल्यावर सही करावी, तशीच ही साखळी असते. साखळीतील एक कडी जरी गळाली, तरी सही सिद्ध होत नाही.

या व्यवस्थेचा पाया १९७६ साली डिफी व हेलमन यांनी मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या कल्पनेत आहे. १९९५ च्या सुमारास नेटस्केप या कंपनीने ती संकेतस्थळांसाठी वापरात आणली आणि १९९९ पासून तिची सुधारित पद्धत टीएलएस या नावाने ओळखली जाऊ लागली. हिच्यामुळे दोन गोष्टी साधतात. आपण लिहिलेला मजकूर वाटेत कोणास वाचता येत नाही, आणि तो ज्याच्या हाती पडावयास हवा त्याच्याच हाती पडतो. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाकीट कितीही घट्ट बंद केले, तरी ते भलत्याच्या हाती दिले तर त्या बंदोबस्ताचा उपयोग काय?

एका इशाऱ्याने काय उघडकीस आणले

इशाऱ्याकडे लक्ष दिल्याने काय होऊ शकते, याचे एक बोलके उदाहरण नेदरलँड्स या देशातील आहे. तेथे डिजिनोटार नावाची प्रमाणपत्रे देणारी एक मान्यताप्राप्त कंपनी होती. त्या देशाच्या शासनाच्या अनेक सेवाही तिच्याच प्रमाणपत्रांवर चालत असत. २०११ च्या उन्हाळ्यात परक्या माणसांनी तिच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे तयार करून घेतली. त्यांतील एक गूगलच्या नावाचे होते. त्याच्या आधारे इराणमधील नागरिकांच्या टपालावर पाळत ठेवण्यात आली. या प्रमाणपत्रावरील सही खरी आणि मुदत चालू असल्यामुळे बहुतेक ब्राउझरांना त्यात काही वावगे दिसले नाही. क्रोम या ब्राउझरमध्ये मात्र गूगलची प्रमाणपत्रे कोणत्या संस्थांची असावीत, याची वेगळी नोंद ठेवलेली होती. त्यामुळे त्याने इशारा दिला. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधील एका वापरकर्त्याने तो इशारा पाहिला, ओलांडला नाही आणि ही काय भानगड आहे, असे जाहीरपणे विचारले. त्या एका प्रश्नातून सारे प्रकरण उघडकीस आले. ब्राउझर बनविणाऱ्यांनी डिजिनोटारचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले, डच शासनाला तिचा कारभार आपल्या हाती घ्यावा लागला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती कंपनी दिवाळखोर ठरली.

आपला देशही अशा प्रसंगांपासून अलिप्त राहिलेला नाही. २ जुलै २०१४ रोजी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे गूगलच्या निदर्शनास आले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी त्या यंत्रणेची संबंधित मधली प्रमाणपत्रे लगोलग रद्द केली. सांगावयाचे तात्पर्य एवढेच की, सही देणाऱ्यांकडूनही चूक होऊ शकते. म्हणूनच शेवटचा पहारेकरी जो ब्राउझर, त्याचे तोंड आपण बंद करता कामा नये.

पहिला प्रश्न : मुदत

आता इशाऱ्याच्या कारणांकडे वळू. इशाऱ्याच्या पानावर बारीक अक्षरांत एक सांकेतिक ओळ असते. ती वाचण्याची सवय ठेवावी. कारण रोगाचे नाव तेथेच लिहिलेले असते.

त्या ओळीत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ हे शब्द असतील, तर प्रश्न मुदतीचा आहे. येथे दोन शक्यता संभवतात : एक तर संकेतस्थळाचे प्रमाणपत्र खरोखरच मुदतबाह्य झाले आहे, किंवा आपल्या संगणकाचे घड्याळ चुकले आहे. दुसरी शक्यता आपल्याकडे फार आढळते. एका शाळेत उन्हाळ्याच्या सुटीनंतर संगणक सुरू केले, तेव्हा एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडेना. विद्यार्थ्यांचे अर्ज भरण्याची मुदत तीन दिवसांवर आलेली. गुरुजींनी प्रथम इंटरनेटची जोडणी देणाऱ्याला बोलावले, त्याने तार तपासली. मग संकेतस्थळच बंद पडले असावे असे ठरले. मग ब्राउझर काढून पुन्हा टाकण्यात आला. दोन दिवस गेले. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की, पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख कित्येक वर्षे मागे आहे. संगणक अनेक आठवडे विजेपासून तोडून ठेवला, म्हणजे त्याचे घड्याळ आतील नाण्याएवढ्या सेलवर चालते. तो सेल संपला की घड्याळ जुन्या तारखेवर जाते आणि आज वैध असलेली प्रमाणपत्रे त्याला ‘अद्याप सुरू न झालेली’ वाटू लागतात. बहुतेक मेजावरील संगणकांत हा सेल सीआर २०३२ या क्रमांकाचा, तीन व्होल्टचा असतो. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

यावरील उपाय सोपा आहे. तारीख, वर्ष, वेळ आणि कालविभाग या चारही गोष्टी तपासाव्यात. कालविभाग भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढे, असावा. प्रथम हाताने तारीख बरोबर करावी, नंतर ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ ही सोय चालू करावी आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली, तर सेल बदलावा.

एक अनिष्ट युक्तीही कोठे कोठे चालते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले असता, संगणकाचीच तारीख मागे नेऊन काम भागविले जाते. असे कदापि करू नये. हजेरी, नोंदी आणि पावत्या यांवर खोटी तारीख पडते आणि दुसरी दहा संकेतस्थळे बंद पडतात.

दुसरा प्रश्न : नाव

‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’ असे लिहिले असेल, तर प्रमाणपत्रावरील नाव आणि आपण टाकलेला पत्ता यांत मेळ नाही. पुष्कळदा कारण निरुपद्रवी असते. पत्त्याच्या आरंभी ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ असलेले नाव आणि नसलेले नाव ही ब्राउझरच्या दृष्टीने दोन वेगळी नावे होत. प्रमाणपत्र त्यांतील एकाच नावाचे घेतले असेल, तर दुसऱ्या नावाने गेल्यास इशारा येतो. तसेच एका मोठ्या नावाखालील सर्व शाखांसाठी घेतलेले तारांकित प्रमाणपत्र फक्त एकाच पायरीपुरते चालते. शाखेच्या उपशाखेला ते लागू होत नाही. जुन्या परिपत्रकात छापलेला पत्ता कालांतराने दुसरीकडे वळविला गेला असेल, तरीही असेच घडते.

परंतु नावाचा घोळ हाच फसवणुकीचाही मार्ग असल्याने येथे पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबून तेथून डावीकडे वाचत जावे. शासकीय संस्थांचे पत्ते बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ यांनी संपतात. हे शब्द पत्त्याच्या मध्यभागी असतील आणि शेवट भलत्याच नावाने होत असेल, तर ते संकेतस्थळ शासनाचे नव्हे, हे निश्चित समजावे.

तिसरा प्रश्न : देणारा कोण?

‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’, किंवा फायरफॉक्समध्ये ‘अननोन इश्यूअर’, हे शब्द दिसले, तर सही करणारा ब्राउझरच्या ओळखीचा नाही. हे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे असते. त्याची प्रमुख कारणे चार आहेत.

पहिले कारण, संकेतस्थळ चालविणाऱ्यानेच स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र तयार केलेले असणे. आपले ओळखपत्र आपणच लिहून त्यावर आपलीच सही करावी, त्यातला हा प्रकार.

दुसरे कारण, साखळीतील मधले प्रमाणपत्र संकेतस्थळावर बसविण्यास विसरणे. याची खूण अशी की, तेच संकेतस्थळ कार्यालयातील संगणकावर उघडते आणि मोबाइलवर मात्र इशारा येतो. कित्येक ब्राउझर गळालेली कडी स्वतः शोधून आणतात, काही तसे करीत नाहीत. ‘आमच्याकडे तर उघडते’ हे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचे उत्तर म्हणूनच पुरेसे मानू नये.

तिसरे कारण, आपला संगणक फार जुना असणे. मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते आणि त्यांची यादी अद्ययावत व्हावी लागते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका सुप्रसिद्ध मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा यादी जुनी असलेल्या जगभरच्या अनेक यंत्रांवर, काहीही बिघडलेले नसताना, इशारे येऊ लागले. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून विंडोज ७ वर चालत नाहीत. अशा यंत्रावर इशारे येत असतील, तर त्याचा खरा उपाय प्रणाली अद्ययावत करणे वा यंत्र बदलणे हाच होय. अर्थसंकल्पात त्याची तरतूद मागताना हे कारण लेखी नमूद करावे.

चौथे कारण, आपण आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये कोणीतरी असणे. हा मधला गृहस्थ सज्जन असू शकतो : विषाणूरोधक कार्यक्रम किंवा कार्यालयातील तपासणी-यंत्रणा येणारा-जाणारा मजकूर उघडून पाहते आणि आपल्या सहीने पुन्हा बंद करते. स्थानकावरील वा उपाहारगृहातील फुकट वायफाय वापरताना त्याचे प्रवेशाचे पान मध्ये येऊन अडथळा करते, हीही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी आधी त्या वायफायचा प्रवेश पुरा करावा किंवा ती जोडणी सोडून मोबाइलच्या जोडणीवर यावे. परंतु हा मधला गृहस्थ चोरही असू शकतो. बाहेरून दोघांची लक्षणे सारखीच दिसतात. म्हणून परक्या जोडणीवर हा इशारा आला, तर कोणताही पासवर्ड टाकू नये, एवढा नियम पक्का धरावा.

येथे एक गोष्ट विशेष जपावी. ‘हे प्रमाणपत्र तुमच्या संगणकात बसवा, म्हणजे इशारा येणार नाही,’ असे सांगून कोणी फाइल पाठविली, तर ती बसवू नये. मूळ प्रमाणपत्र बसविणे म्हणजे बँकेतील नमुना सह्यांच्या कपाटाची किल्लीच परक्याच्या हाती देणे होय. कार्यालयाच्या अधिकृत तंत्रज्ञाने लेखी आदेशानुसार केले, तरच ते योग्य.

तपासणीचा क्रम

इशारा आल्यावर गोंधळून न जाता पुढील क्रमाने जावे. यास पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

१. इशारा एकाच संकेतस्थळावर येतो की सर्वच संकेतस्थळांवर? सर्वांवर येत असेल, तर दोष बहुधा आपल्या यंत्रात वा जोडणीत आहे. एकावरच येत असेल, तर संशय प्रथम त्या संकेतस्थळाकडे जातो.

२. तारीख, वर्ष, वेळ आणि कालविभाग पाहावा.

३. पत्ता अक्षरशः वाचावा. जुन्या दुव्यावरून न जाता तो स्वतः टंकलिखित करून पाहावा.

४. तेच संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर व दुसऱ्या जोडणीवर, म्हणजे मोबाइलच्या जोडणीवर, उघडून पाहावे. तेथे उघडले, तर दोन्हींतील फरक शोधावा.

५. पत्त्याच्या डावीकडील खुणेवर दाबून प्रमाणपत्र उघडावे आणि कोणास दिले, कोणी दिले, कधीपासून कधीपर्यंत, या तीन ओळी वाचाव्यात.

६. ब्राउझर व प्रणाली अद्ययावत आहेत काय, ते पाहावे.

७. इतके करूनही इशारा राहिला, तर दोष संकेतस्थळाचा आहे असे समजून काम थांबवावे आणि संबंधितांस कळवावे. कळविताना पूर्ण पत्ता, सांकेतिक ओळ, दिनांक, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र सोबत द्यावे. ‘साइट चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून कोणासही काही शोधता येत नाही.

काही संकेतस्थळांवर ‘पुढे जा’ ही ओळ मुळीच दिसत नाही. त्या संकेतस्थळाने ब्राउझरला ‘माझ्या बाबतीत सवलत देऊ नये’ असे आधीच कळविलेले असते. तो बिघाड नव्हे. ती सावधगिरी आहे.

आता कोणी विचारील की, केवळ माहिती वाचावयाची असेल आणि प्रमाणपत्र कालच संपले असेल, तर पुढे गेल्यास काय बिघडते? जेथे काही लिहावयाचे नाही, काही उतरवून घ्यावयाचे नाही, तेथे धोका कमी असतो हे खरे. परंतु जेथे पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा तपशील अथवा स्वाक्षरीचे टोकन लागते, तेथे सवलत नाही. ग्रामपंचायतीची देयके ज्या डिजिटल स्वाक्षरीने मंजूर होतात, ते व्यक्तीचे प्रमाणपत्र होय आणि आज आपण ज्याचा विचार करतो आहोत ते संकेतस्थळाचे. दोन्ही भिन्न आहेत. आपली स्वाक्षरी कितीही खरी असली, तरी ती खोट्या दारात करावयाची नाही.

कुलपाचा अर्थ

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इशारा आला नाही, म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असे मुळीच नाही. २०१५ पासून प्रमाणपत्रे विनामूल्य मिळू लागली. ही मोठी सोय झाली, पण तिचा लाभ ठकसेनही घेतात. फसव्या संकेतस्थळांकडेही आज वैध प्रमाणपत्र असते. त्यावरून एवढेच सिद्ध होते की, पत्त्यात जे नाव दिसते त्याच नावाच्या संकेतस्थळाशी आपले बोलणे चालू आहे. तो गृहस्थ सज्जन आहे काय, हे प्रमाणपत्र सांगत नाही. कुलपाच्या चिन्हाने असा गैरसमज होतो, हे लक्षात घेऊन क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलूप काढून तेथे दुसरी खूण ठेवली. म्हणून पत्ता वाचण्याचे काम ब्राउझरवर सोपवून चालणार नाही; ते आपलेच आहे. पैशाची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

संकेतस्थळ चालविणाऱ्यांची जबाबदारी

येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना आता दोन शब्द. नागरिकाने इशारा ओलांडू नये असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या संकेतस्थळावर विनाकारण इशारा येऊ न देणे हे आपले कर्तव्य ठरते. प्रमाणपत्राची मुदत कोणत्या दिवशी संपणार, हे ते घेतानाच ठाऊक असते; ती काही अकल्पित आपत्ती नव्हे. तरीही मुदती उलटतात. कारण ज्या ठेकेदाराने संकेतस्थळ केले त्याचा करार संपलेला असतो, ज्या अधिकाऱ्यास ठाऊक होते त्यांची बदली झालेली असते आणि मुदतीची आठवण करणारे पत्र बंद पडलेल्या टपालपेटीत जाऊन पडते.

यापुढे हा प्रश्न अधिक तीव्र होणार आहे. २०२० पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ब्राउझर आणि प्रमाणपत्र-संस्था यांच्या मंडळाने २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरविल्याप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस, अशी कमी करण्याचे वेळापत्रक आहे. वर्षातून एकदा हाताने करावयाचे काम वर्षातून आठ वेळा करावे लागेल. म्हणजे ते स्वयंचलित यंत्रणेवर सोपविल्याशिवाय गत्यंतर नाही.

तूर्त एवढे तरी व्हावे. कार्यालयाच्या प्रत्येक संकेतस्थळाची नोंदवही असावी. तीत नाव, मुदतीचा दिनांक आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद असावी. बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना किल्ल्या व दप्तर यांबरोबर ही नोंदवहीही सोपवावी. प्रमाणपत्र घेताना ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’सह व त्याविना अशी दोन्ही नावे घ्यावीत. मधल्या प्रमाणपत्रासह संपूर्ण साखळी बसवावी आणि मोबाइलवर उघडून खात्री करावी. एवढे करूनही मुदत चुकलीच, तर नागरिकांना ‘ॲडव्हान्स्ड दाबा’ असे न सांगता, ‘सेवा अमुक वेळेपर्यंत बंद आहे’ असे सरळ सांगावे. सेवा एक दिवस बंद राहिल्याने होणारी हानी भरून काढता येते. पण लोकांना लागलेली वाईट सवय मोडण्यास वर्षे जातात.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. मुलांना संगणक शिकविताना अनेकदा पान कसे उघडावे एवढेच शिकविले जाते. पान का उघडले नाही, हेही शिकवावे. प्रमाणपत्र उघडून ‘कोणास, कोणी, कधीपर्यंत’ या तीन ओळी वाचावयास लावणे हा दहा मिनिटांचा पाठ आहे. घरी जाऊन हीच मुले वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवरील पत्ता वाचून दाखवतील.

आरंभी ज्या कार्यालयाचा मी उल्लेख केला, तेथील ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी लगेच देऊ शकलो नाही. वाट पाहणाऱ्या म्हातारीला काय सांगावे, हा प्रश्न तंत्राचा नव्हे, माणुसकीचा आहे. पुष्कळ विचारान्ती मला सुचलेले उत्तर असे आहे : ‘आजी, सरकारच्या दारावरचा शिक्का आज नीट दिसत नाही. तुमचे कागद भलत्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून मी थांबले आहे. मी वर कळवले आहे. काम सुरू होताच तुम्हांला निरोप देईन.’ हे सांगता यावे, यासाठी कळविलेल्या तक्रारीची दखल घेणारा कोणीतरी वर असला पाहिजे. ती जबाबदारी आपणां सर्वांची आहे.

पुढे त्या कार्यालयात गेलो तेव्हा जुनी चिठ्ठी काढलेली होती. तिच्या जागी ताईंनी स्वतःच्या हाताने दुसरी लिहून लावली होती : ‘तारीख पाहणे. पत्ता वाचणे. मोबाइलवर उघडून पाहणे. तरीही त्रिकोण आला, तर थांबणे व कळविणे.’ माझ्या या एवढ्या लांबलेल्या भाषणात त्याहून अधिक काही नाही. आपल्या प्रत्येक कार्यालयात आणि शाळेत ही चिठ्ठी लागावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.